गिटारमधली माशी

मिरजेत आमच्या गिटारच्या क्लासात एक बातमी बरेच दिवस फिरत होती: मेहरुनचाचीनं पुतण्याच्या दुकानातली कोरी करकरीत गिटार भिंतीवर आपटून फोडली. ही बातमी मी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकली आणि ते सगळे आवाज मला काढून दाखवता येतात. तासगावचा मानसिंग नाकात बोलतो आणि वडिलांचा बेदाण्याचा व्यापार असल्यामुळं सौद्यात भाव फोडल्यासारखं सांगतो, "म्हातारीनं. गिटार. बिघडवली. विषय संपला." समोरचा चहावाला जोतिबा ग्लास विसळता विसळता म्हणायचा, "नुसती फोडली न्हाई गड्या, वरनं तिच्या तारा काढून कपडे वाळत घातलं." क्लासातल्या संयोगिताच्या गोष्टीत तर चाची हुंदके देत होती. यातलं कुणीही तेव्हा तिथं नव्हतं.

मी होतो. आणि गिटार फुटली नव्हती. चाचीनं ती दुरुस्त केली होती. तेच नडलं.

हे समजायला आधी ते दुकान समजायला पाहिजे. खाली दुकान, वर घर. दुकानात छताला वाळलेले भोपळे टांगलेले, कोपऱ्यात अर्धे झालेले तंबोरे उभे, आणि रस्त्याकडच्या खिडकीला लागून एक रुंद फळी. त्या फळीवर मेहरुनचाची बसायची. पाय दुमडून, पदर डोक्यावर, मांडीवर तंबोऱ्याची घोडी. घोडी म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात ती. चाची ती कानशीनं घासायची. फार नाही, नखातला मळ काढावा एवढंच. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायची. धागा जागेवर आला की मुकी तार एकदम बोलायला लागते: झंऽऽऽ, आणि तो आवाज विझतच नाही, मोहोळाजवळ कान नेल्यासारखा गुणगुणत राहतो. याला जवारी म्हणतात. मी ती तोंडानं हुबेहूब काढतो. पहिल्यांदा काढली तेव्हा चाचीनं कानशी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पोपट हाईस रं." तेव्हापासून मी पोपटच. माझं खरं नाव वीरधवल, गाव पलूस, कॉलेजसाठी मिरजेत मामाकडं राहतो. तिनं ते नाव एकदाही घेतलं नाही.

तिचं माहेर रहिमतपूर. वडील काकणं भरायचे, बाजाराच्या दिवशी कट्ट्यावर बसून. लहानपणी तीही त्यांच्याशेजारी बसून बायकांचे हात दाबायची. लग्न होऊन मिरजेला आली ती पीरमहंमदचाचांच्या घरी. चाचांच्या जवारीचं लांब लांबपर्यंत नाव होतं. सुरुवातीला त्यांनी तिला कानशीला हातही लावू दिला नाही. "औरतांचं काम न्हवं," असं म्हणायचे म्हणे. मग त्यांचा हात कापायला लागला. कप धरला तर बशीत चहा जास्त आणि कपात कमी. तेव्हा ते काम औरतांचं झालं. ती घासायची, ते मागं डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "अजून. अजून. बस." हे ती मला सांगायची तेव्हा चाचांचा आवाज काढायची. तिच्याही अंगात माझ्यासारखाच किडा होता, फक्त तिनं तो कुणाला दाखवला नव्हता. चाचा वारले तरी लोक तंबोरा घेताना हेच म्हणत राहिले, "वा, काय पीरमहंमदची जवारी आहे!" चाची फळीवर बसून ऐकायची आणि पान लावायची.

मग दुकान पुतण्याकडं आलं. आसिफभाई. माणूस तसा वाईट नाही, हे मला लिहायलाच पाहिजे, कारण त्याचा आवाज मला सगळ्यात चांगला जमतो आणि ज्याचा आवाज जमतो त्याच्याबद्दल थोडी माया वाटतेच. तंबोऱ्याला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. गाणारे लोक मोबाइलमध्ये तंबोरा लावून बसतात. आसिफभाईनं भोपळ्यांच्या शेजारी गिटारी टांगल्या, साताऱ्याच्या जयराज सरांना शनिवार-रविवार बोलावलं, मागच्या खोलीत क्लास काढला, आणि आमच्यासारखी पोरं यायला लागली. घरात ते लोक आपल्या बोलीत बोलतात. गिऱ्हाईक असलं की आसिफभाई मराठीवर येतो. आणि राग आला की एकदम गोड होतो. "चाचीऽऽ," असं लांबवतो. ते ऐकलं की ओळखायचं, आज काहीतरी जाणार.

तर ती गिटार. मानसिंगनं नवी गिटार पसंत केली होती, दुसऱ्या दिवशी न्यायची होती. ती रात्रभर फळीशेजारी उभी होती. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या चाचीनं तिची एक तार छेडली. टण्. आवाज आला आणि गेला. दुसरी छेडली. टण्. मी क्लासला लवकर आलो होतो, दारातच उभा होतो. चाचीचं तोंड असं झालं, जसं कुणी बिनमिठाची भाजी वाढलीय.

"मुकी हाय रं ही," ती म्हणाली. "पोराला मुकी गिटार विकतोय आसिफ. नाव आपल्या दुकानाचं जाणार."

आणि तिनं तारा ढिल्या केल्या, खालची पांढरी पट्टी उपसली आणि कानशी घेतली. मला काय माहीत! मला वाटलं गिटारचीही जवारी काढत असतील. सहा तारा, सहा धागे. दुपारपर्यंत बसली होती; आसिफभाई माल आणायला बाहेर गेलेला, क्लासची पोरं अजून यायची होती. शेवटी वाजवली तेव्हा गिटार तंबोऱ्यासारखी झंकारली, आणि चाचीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मानसिंग ती घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. "भाई," तो नाकातून म्हणाला, "गिटारमध्ये. माशी. शिरलीय."

जयराज सरांनी वाजवून बघितली. सर पोलिसात भरती व्हायला गेले होते, उंचीत बसले नाहीत, पण छाती अजून फुगवलेलीच असते. "बझ होतंय," सर म्हणाले. "पार्टी क्लीन मागती, गड्या. हे क्लीन न्हाई. ही तर गुणगुणती."

"मग गुणगुणायलाच पायजे की," चाची फळीवरून म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो, कारण ती ज्या खात्रीनं म्हणाली ते हसण्यासारखंच होतं. आयुष्यभर जो आवाज आणायला हात झिजवले, तोच गिटारमध्ये दोष असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आसिफभाई मात्र हसला नाही. त्यानं मानसिंगला दुसरी गिटार दिली, पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं. मग वळला.

"चाचीऽऽ. तुम्ही आता घरी आराम करा ना. वर बसा. पंखा आहे. इथं धुळीत कशाला?"

वर बसणं म्हणजे काय हे चाचीला माहीत होतं आणि नंतर तिनं मला सांगितलं. वर आसिफभाईच्या बायकोचं स्वयंपाकघर. तिथल्या कोपऱ्यात एक पाट. "इथं फळीवर बसली की मी मेहरुनबी हाय," ती म्हणाली. "येणारा-जाणारा सलाम करतो, तंबोरेवाला कर्नाटकातनं आला तरी मलाच इचारतो. वर बसली की मी लसूण सोलणारी. आणि लसूण सोलणारीला कुणी काय इचारत न्हाई. जेवली का, एवढं पण न्हाई."

पण त्या दिवशी दुकानात ती एवढंच म्हणाली, "मला गिटार येत न्हाई म्हणून वर पाठवतोस?"

"तसं नाही, चाची. पण आता माल गिटारचा आहे. खिडकीत बसणाऱ्याला गिऱ्हाईकासमोर वाजवून तर दाखवता आली पाहिजे."

"किती?"

आसिफभाईला वाटलं असेल, म्हातारी गमतीनं विचारतेय. तो सरांकडं बघून हसला. "चार कॉर्ड. सी, ए मायनर, जी आणि एफ. एकदम क्लीन. उरुसाच्या आधी वाजवून दाखवा, फळी तुमची. सगळ्यांसमोर बोलतोय."

एफचं नाव ऐकताच सरांचा चेहरा पडला, कारण कॉर्ड म्हणजे बऱ्याच तारा एकदम दाबायची बोटांची मांडणी, आणि एफच्या मांडणीवर आमच्यातली निम्मी पोरं क्लास सोडून जातात.

चाचीला क्लासात बसवलं नाही. फी देणाऱ्या पोरांमध्ये म्हातारी नको, असं काही आसिफभाई बोलला नाही, पण खुर्चीच कमी पडायची. म्हणून सर मला शिकवायचे आणि क्लास सुटला की मी फळीपाशी जाऊन चाचीला शिकवायचो, सरांच्या आवाजात. "प्रेस हार्ड, पण रिलॅक्स! दोन्ही एकदम! सैनिक उभा कसा असतो? ताठ, पण ढिला!" चाची हसून हसून गिटार खाली ठेवायची. "असा कसा असंल सैनिक? माझा भाऊ होता मिलिटरीत. ताठ असला की ताठच."

हसू तेवढंच. बाकी सगळा त्रास. तिच्या बोटांना घट्टे होते, पण भलत्याच जागी: कानशी धरायच्या हाताला, अंगठ्याच्या कडेला. डाव्या हाताची टोकं मऊ. तिथं तारेच्या रेघा उमटायला लागल्या, मग त्या रेघांचे फोड झाले, मग फोड फुटले. वर मीठ-मिरचीत हात घालावा लागायचा तेव्हा काय होत असेल, ते ती सांगायची नाही. बोटावर चिकटपट्टी लावू का म्हटलं, तर म्हणाली, "मग तार समजणार कशी?"

आणि सगळ्यात अवघड होता तिचा कान. बोट गिटारच्या गळ्यावरच्या पट्टीपासून लांब पडलं की तार बझ करते. कुठल्याही पोराला ते खराब वाटतं. चाचीला गोड वाटायचं. तिचं बोट आपोआप तिथंच जाऊन थांबायचं जिथं तार गुणगुणते, आणि ती डोळे मिटून म्हणायची, "हां, आता आली."

"न्हाई आली, चाची! ती माशी हाय!"

डोळे उघडायची. बोट सरकवायची. टण्. तोंड कडू करायची. "मेली बघ. ही क्लीन?"

"ही क्लीन."

"म्हणजे जीव काढायचा, मग तुमाला पसंत."

सी बसला. ए मायनर बसला. जी कॉर्डला करंगळी पोचायला वेळ लागला, पण बसला. राहिला एफ. एफला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं झोपवायचं आणि बाकीची तीन बोटं पुढं ठेवून सगळ्या एकदम दाबायच्या. तिच्या बोटाच्या पेराला खाच होती, एक तार नेमकी त्या खाचेत पडायची आणि मुकी व्हायची. ती जेवढं दाबायची तेवढा हात थरथरायचा. एकदा हात थरथरताना तिनं बघितला आणि गिटार बाजूला ठेवून तो हात पदराखाली घेतला. मला कळलं तिला कोण आठवलं ते. मी त्या वेळी कुणाचाही आवाज काढला नाही.

मग एके दिवशी ती म्हणाली, "तुझा सर खोटं शिकवतो. दाबायचं न्हाई." रहिमतपूरच्या कट्ट्यावर वडील काय करायचे ते तिला आठवलं होतं. काकण हातात जात नसलं की बाई हात आखडून धरते, आणि आपण ढकललं की काकण फुटतं. वडील थांबायचे. बाईला काहीतरी विचारायचे, पोरंबाळं किती, पाऊस झाला का. बाई बोलायला लागली, श्वास सोडला, की त्या क्षणी हात जरा कुशीवर वळवून काकण सर्रकन आत. चाचीनं बोट तसंच जरा कुशीवर वळवलं, कडेच्या हाडावर, खाच तारेवरून हलली. श्वास सोडला. मी एक एक तार छेडली. पाच वाजल्या. सहावी मुकी.

"पाच झाल्या की, चाची!" मी उड्या मारायला लागलो. "आता सहावी आली की फळी पक्की!"

ती हसली नाही. "न्हाई ठेवत तो मला."

"आवं, सगळ्यांसमोर बोललाय की. 'फळी तुमचीऽऽ.'" मी आसिफभाईच्या आवाजात म्हटलं.

"बोलला म्हणूनच. जो ठेवणार असतो तो अटी घालत न्हाई." तिनं पान तोंडात टाकलं. "लाव पैज. मी वाजवीन, सहाच्या सहा तारा. आणि तो न्हाई ठेवायचा."

"ठेवणारच. हरलात तर?"

"हरले तर तुला जवारी काढायला शिकवीन. तू हरलास तर मला भडंग आण. कुरकुरीत. मऊ पडलेलं न्हाई."

हात पुढं केला. मी टाळी दिली आणि मग विचारलं, "पण तो ठेवणारच नाही हे माहीत असंल, तर बोटं कशाला फोडून घेताय?"

"उद्या तो चार माणसांत काय सांगंल?" ती म्हणाली, आणि आसिफभाईचा आवाज काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून माझ्यापेक्षा चांगली नक्कल ऐकली. "'काय करणार भाऊ, चाचीला जमलंच नाही.' एवढं त्याला म्हणू द्यायचं न्हाई मला. बाकी काय करायचं ते करू दे."

उरूस दोन-तीन दिवसांवर आला तेव्हा एका रविवारी तिनं मला सांगितलं, "आज." क्लास सुटला होता, पोरं बुटात पाय घालत होती. चाची फळीवर बसली, गिटार मांडीवर घेतली आणि हाक मारली, "आसिफ, ये. ऐक."

आसिफभाई आला. जयराज सर छाती फुगवून दारात उभे राहिले. मानसिंगही होता, संयोगिताही होती. चाचीनं सी लावला आणि एक एक तार सुटी छेडली, म्हणजे कुठं काही लपायला नको. स्वच्छ. ए मायनर. स्वच्छ. जी. मग एफ. तिनं बोट आडवं ठेवलं, कुशीवर वळवलं, आणि मला विचारल्यासारखं मोठ्यानं म्हणाली, "पोपटा, पलूसला पाऊस झाला का रं?"

"झाला, चाची!"

तिनं श्वास सोडला आणि छेडलं. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा. सहाच्या सहा तारा धुतल्या भांड्यासारख्या वाजल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी खरंच टाळ्या वाजवल्या, मला ते आवडलं. मानसिंग म्हणाला, "माशी. मेली."

"व्हय," चाची म्हणाली. "मारली."

आसिफभाईही टाळ्या वाजवत होता. मी चाचीकडं बघून डोळा मारला. माझी जवारी नक्की झाली होती.

"मानलं," आसिफभाई म्हणाला. हसला. "चाचीऽऽ. मानलं तुम्हाला. फळी तुमचीच आहे, मी काय परका आहे का? फक्त आता उरुसाची गर्दी येणार. खिडकीत काच बसवून गिटारी लावायचं म्हणतोय. तेवढे दिवस तुम्ही वर बसा. मग बघू."

"काच?" चाची म्हणाली. "आज ठरवलंस?"

"आजच डोक्यात आलं, चाची."

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि काचवाला दोन पोरांना घेऊन आत आला. हातात टेप, खिशात पेन्सिल, आवाज घोगरा, घाईतला. "भाई, घेतो उतरवून. ती फळी काढून ठेवतो म्हटलेलं तुमी, अजून तशीच हाय?"

"आज नव्हतं सांगितलं..." आसिफभाई म्हणाला.

"मग कवा? गेल्या महिन्यातच माप दिलंय की तुमी. काच कापून गोडाऊनला पडून हाय. म्हटलं उरुसाआधी बसवून टाकू."

सर मोबाइल काढून त्यात बघायला लागले. संयोगितानं बुटाची लेस सोडली आणि परत बांधली. आसिफभाईचे कान लाल झाले, आणि मी त्या माणसाचा आवाज एवढे दिवस काढतोय, पण त्या वेळी त्याच्याकडं आवाजच नव्हता.

चाचीनं गिटार त्याच्या हातात दिली. फळीखालून आपली कानशी आणि सुताचं रीळ काढून पदरात बांधलं, गुडघ्यावर हात टेकून उठली. जिन्यापाशी जाताना माझ्याकडं वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "कुरकुरीत. इसरू नको."

दुसऱ्या दिवशी मी भडंग घेऊन वर गेलो. खाली खिडकीत काच बसली होती आणि तिच्याआड गिटारी उभ्या होत्या, दुपारच्या उन्हात चमकत. वर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर चाची बसली होती. समोर ताटलीत सोललेल्या लसणाचा ढीग. पंखा खरंच होता.

मी पुडी तिच्यासमोर ठेवली. "हरलो, चाची."

"व्हय," ती म्हणाली. "कर आता त्याची नक्कल. कालची. पहिल्यापास्नं."

मी केली. "मानलं. चाचीऽऽ. मानलं तुम्हाला..."

तिनं हात वर केला. "चुकलास. 'चाची' म्हणायच्या आधी तो हसतो. आधी हस, मग म्हण."

मी आधी हसलो, मग म्हणालो. तिनं मान हलवली, "आता बराबर," आणि पुडी सोडली. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना आता चांगले घट्टे आले होते. त्यांनी तिनं भडंग उचललं, तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत बसली.

"लसूण कमी हाय यात," ती म्हणाली. "परत हरशील तवा बघून आण."